टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरताना दुसरं विमान वेळेत कसं दिसेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टॉवर (विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष) असलेल्या विमानतळावर शिकून नुकतंच लायसन्स मिळालेल्या वैमानिकाला आता टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळांवर जायचंय. तिथे रेडिओवर प्रत्येकजण आपली जागा सांगतो, टॅब्लेटवर आजूबाजूची विमानं दिसतात, हवाही बहुतेक वेळा स्वच्छ असते. तरीही तिथे विमानं हवेत एकमेकांवर आदळतात, ती का? आणि आपण नेमकं काय करायचं? प्रश्न अमेरिकेतल्या उड्डाणाबद्दल आहे, म्हणून नियम आणि पद्धती तिथल्याच सांगते.

मी वर्षानुवर्षं अशा विमानतळांवरूनच शिकवते आहे. माझं मत ठाम आहे: तुमचे डोळे दुसऱ्याला शोधून काढतील या भरवशावर उडू नका. दुसरे जिथे बघतात, नेमके तिथेच, त्यांना अपेक्षित उंचीवर आणि अपेक्षित वेगाने असा. रेडिओ आणि डोळे यांचं काम त्यानंतर सुरू होतं. कारण माणसाचा डोळा या कामाला फार कमी पडतो, आणि तो किती कमी पडतो हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, मार्गदर्शनात एक तक्ता वर्षानुवर्षं छापला जातोय. वस्तू नजरेत येणं ०.१ सेकंद. ते विमान आहे हे ओळखणं १ सेकंद. ते आपल्यावर येतंय हे उमगणं ५ सेकंद. डावीकडे की उजवीकडे हे ठरवणं ४ सेकंद. हाताची हालचाल ०.४ आणि विमानाने प्रत्यक्ष वळणं २ सेकंद. बेरीज १२.५ सेकंद. आता प्रत्येकी १०० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) समोरासमोर येणारी दोन विमानं घ्या. त्यांच्यातलं अंतर सेकंदाला शंभरेक मीटरने घटतं, म्हणजे १२.५ सेकंदांत साधारण १,३०० मीटर. सेस्ना १७२ या छोट्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ मीटर. १,३०० मीटरवरून ते पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढे दिसतात, पण चंद्रासारखे भरीव नाही. समोरून पंख म्हणजे एक बारीक रेघ आणि मध्ये एक ठिपका. ती रेघ पहिल्या क्षणी दिसली तरच तुम्हाला पूर्ण वेळ मिळतो. तीन-चार सेकंद नकाशात बघितलंत की तो वेळ गेला.

त्यातही एक वाईट गोष्ट आहे. जे विमान तुम्हाला धडकणार आहे, ते काचेवर सरकत नाही. दोघेही सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने उडत असतील आणि त्यांच्या वाटा एकाच वेळी एकाच बिंदूत मिळत असतील, तर तुमच्या नजरेतून ते शेवटपर्यंत एकाच जागी राहतं. आपला डोळा हालचाल पकडण्यात तरबेज आहे, स्थिर ठिपका पकडण्यात नाही. ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो आणि मग शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो. काचेवर सरकणारं विमान दिसलं की पोटात गोळा येतो, पण त्याच्याकडून धोका बहुधा कमी असतो. जे जागचं हलत नाही, ते खरं घातक.

यावरून पुढची गोष्ट लक्षात घ्या, कारण ती शिकवताना अनेकदा राहून जाते. धोक्याचं विमान काचेवर एका जागी थांबत असेल आणि ती जागा नेमकी खिडकीच्या खांबामागे असेल, तर ते शेवटपर्यंत खांबामागेच राहील. काचेवर चिकटलेल्या किड्याच्या डागामागेही तसंच. म्हणून उड्डाणापूर्वी काच पुसणं हे टक्कर टाळण्याचंच काम आहे. आणि नजर फिरवताना नुसते डोळे नकोत, मानही पुढे-मागे, खाली-वर हलवा, म्हणजे खांबामागचा भाग उघडा पडेल. आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करा, प्रत्येकावर निदान एक सेकंद नजर थांबवा, मग पुढे जा. सरसर फिरणाऱ्या नजरेला काही दिसत नाही, कारण बारीक वस्तू टिपणारा डोळ्याचा मधला भाग अगदी छोटा असतो. रिकाम्या आकाशाकडे बघताना डोळा आपोआप जवळच कुठेतरी फोकस करून बसतो, म्हणून अधूनमधून लांबच्या डोंगराकडे किंवा ढगाच्या कडेकडे बघून त्याला परत लांबवर न्यावं लागतं.

आता टकरी कुठे होतात ते पाहू. समोरासमोरच्या टकरीची सगळ्यांना भीती वाटते, प्रत्यक्षात ती विरळ. एफएएच्या एका जुन्या पत्रकात १९६४ ते १९६८ या काळातल्या १०५ टकरींचं विश्लेषण आहे. त्यातल्या ८२ टक्के टकरींत एक विमान दुसऱ्याला मागून गाठत होतं. अगदी समोरून झालेल्या जेमतेम ५ टक्के. निम्म्याच्या आसपास टकरी ५०० फुटांखाली झाल्या होत्या. आकडे जुने आहेत, पण चित्र आजही तेच आहे: स्वच्छ दिवस, धावपट्टी जवळ आलेली, फायनल लेग (धावपट्टीच्या सरळ रेषेतला उतरण्याचा शेवटचा टप्पा), आणि वेगवान विमान संथ विमानाच्या पाठीवर. कारण उघड आहे. पॅटर्नमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवती उडण्याच्या ठरलेल्या चौकोनी वाटेवर, सगळे एकाच ठिकाणी पोहोचायच्या प्रयत्नात असतात, आणि सगळ्यांची नजर त्याच धावपट्टीवर खिळलेली असते.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल इथे हेच झालं. एक सेस्ना १५२ पॅटर्नमध्ये फेऱ्या मारत होतं. दोन इंजिनांचं सेस्ना ३४० लांबून थेट फायनलवर येत होतं. दोघेही रेडिओवर बोलत होते. ३४० ने दहा मैलांवरून कॉल दिला, नंतर जवळ आल्यावरही दिला. १५२ ने आपण बेसवर, म्हणजे फायनलला वळण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, आहोत हे सांगितलं, मग समोरचा फार वेगात येतोय हे जाणवल्यावर गो-अराउंड करतोय, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातोय, असंही सांगितलं. तरी धावपट्टीच्या अलीकडेच दोन्ही विमानं आदळली आणि तिघांचा जीव गेला. ३४० चा वेग काही टप्प्यांत १८० नॉटच्या घरात होता, १५२ चा त्याच्या निम्म्याहून कमी. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण लिहिलं ते असं, की थेट फायनलवर येणाऱ्या विमानाच्या वैमानिकाने समोरचं विमान बघून टाळलं नाही.

या अपघातातून मी प्रत्येक विद्यार्थ्याला एक गणित करायला लावते. ‘दहा मैलांवर आहे’ हा कॉल ७० नॉटने उडणाऱ्याने ऐकला, की तो नकळत स्वतःच्या विमानाच्या हिशेबाने विचार करतो. ७० नॉटने दहा मैल म्हणजे साडेआठ मिनिटं. त्यात एक अख्खी फेरी मारून होते. १८० नॉटने तेच दहा मैल म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. तीन मैलांवरचा कॉल म्हणजे पुरता एक मिनिट. तोपर्यंत संथ विमान डाउनविंडवरून (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यावरून) बेसला वळून नेमकं फायनलच्या तोंडाशी पोहोचलेलं असतं. अंतर खरं सांगितलं तरी वेळेचा अंदाज चुकतो. म्हणून वेगवान विमान उडवत असाल तर कॉलमध्ये अंतराबरोबर वेग किंवा पोहोचायला लागणारी मिनिटं सांगा. आणि संथ विमानात असाल तर थेट फायनलचा कॉल ऐकल्यावर लगेच विचारा: वेग किती, किती मिनिटांत?

थेट फायनल बेकायदा नाही. पण पॅटर्नमध्ये कोणी असेल तर ती टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. फायनलवरच्या विमानाला आधी जाण्याचा हक्क असतो हे खरं, आणि दोन विमानं उतरायला येत असतील तर खालच्याला हक्क असतो हेही खरं. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय, की या हक्काचा फायदा घेऊन कोणाच्या पुढे घुसू नये किंवा कोणाला गाठू नये. नियमाचा हा उत्तरार्ध पुष्कळांना आठवत नाही.

मग यायचं कसं? वाटेतच, दहा मैलांच्या बाहेर, कामं उरकून घ्या: हवामानाची नोंद ऐकणं, धावपट्टी ठरवणं, उतरण्याआधीची चेकलिस्ट जितकी होईल तितकी. दहा मैलांच्या आत गप्पा बंद, टॅब्लेट मांडीवरून बाजूला. लँडिंग लाइट चालू. बरोबर कोणी प्रवासी असेल तर त्याला बाहेर बघायला लावा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगायला शिकवा. डोळ्यांची एक जादा जोडी फुकट मिळते. पॅटर्नची नेहमीची उंची जमिनीपासून १,००० फूट, मोठ्या आणि टर्बाइन विमानांसाठी १,५००. पण प्रत्येक विमानतळाची वेगळी असू शकते, ती आधी बघून ठेवा. वळणं डावीकडे, जोपर्यंत त्या धावपट्टीला उजवीकडची ठरवलेली नसतील तोपर्यंत.

प्रवेश डाउनविंडच्या मध्याशी, ४५ अंशांच्या कोनात, पॅटर्नच्या उंचीला आधीच स्थिर होऊन. खाली उतरत उतरत पॅटर्नमध्ये कधीही शिरू नका. खालचं विमान तुमच्या पोटाखाली दडलेलं असतं आणि त्याला तुम्ही त्याच्या छपरामुळे दिसत नाही. पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेलं विमान वर आणि पंख धडाच्या वरच्या बाजूला असलेलं विमान खाली, ही सगळ्यांत वाईट जोडी. दोघांनाही एकमेकांच्या अस्तित्वाचा पत्ता नसतो. विरुद्ध बाजूने येत असाल तर पॅटर्नच्या ५०० फूट वरून धावपट्टी ओलांडा, साधारण दोन मैल पुढे जा, पॅटर्नच्या पुरतं बाहेर पडल्यावरच खाली उतरा आणि वळून ४५ अंशांत या. चार-पाच मिनिटं जादा जातात. वरून जाताना वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, धावपट्टीवरची हालचाल आणि पॅटर्नमधली विमानं सगळं एका नजरेत येतं, त्यामुळे ती मिनिटं मला कधीच वाया गेलेली वाटत नाहीत.

आता ज्या एका जागी मी सगळ्यांत जास्त आग्रह धरते, ती जागा: बेसवरून फायनलला वळण्याआधीचे पाच सेकंद. डावा पॅटर्न असेल तर तुम्ही बेसवर आहात, धावपट्टी तुमच्या डावीकडे आहे आणि वळायचंही डावीकडेच आहे. प्रत्येकाची मान साहजिकच डावीकडे वळलेली असते. पण थेट फायनलवर येणारं विमान तुमच्या उजवीकडून येतंय. म्हणून वळण्याआधी उजवीकडे पूर्ण मान वळवून फायनलची रेषा लांबपर्यंत बघा, तुमच्या उंचीला, थोडी वर आणि थोडी खाली. मग नाकासमोर बघा, कारण चुकीच्या बाजूने पॅटर्न करणारा कोणी विरुद्ध बेसवरून तुमच्याकडेच येत असू शकतो. मगच वळा. मी शेजारी बसलेली असते तेव्हा विद्यार्थ्याने उजवीकडे बघून ‘फायनल मोकळी’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय वळू देत नाही. पंख वर असलेल्या विमानात वळताना आतला पंख खाली येऊन नेमका वळणाच्या दिशेचा भाग झाकतो, म्हणून तिथे वळण्याआधी तो पंख क्षणभर उचलून त्याखालचं आकाशही बघून घ्यावं लागतं.

ज्याच्या मागे तुमचा नंबर आहे ते विमान दिसत नसेल तर बेसला वळूच नका. डाउनविंड लांबवा, रेडिओवर सांगा की दिसत नाही, आणि तरीही चित्र स्पष्ट होत नसेल तर पॅटर्न सोडून बाहेर पडा आणि पुन्हा ४५ अंशांत या. पॅटर्नमध्ये गोल चक्कर मारून जागा करायचा मोह होतो. तो आवरा, कारण तुमच्या मागच्याला तुम्ही अचानक त्याच्याच तोंडावर येताना दिसाल.

रेडिओचा खरा उपयोग कुठे बघायचं ते कळण्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा तपास यंत्रणेने १९९१ मध्ये ‘बघा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अहवाल काढला होता. त्यानुसार, दुसऱ्या विमानाची सूचना मिळालेल्या वैमानिकाचा शोध सूचना न मिळालेल्यापेक्षा आठपट परिणामकारक ठरतो. आठपट! पण त्यासाठी कॉल असा हवा की ऐकणाऱ्याला नजर नेमकी वळवता येईल. विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे घ्या, कारण १२२.८ सारखी फ्रीक्वेन्सी आसपासचे अनेक विमानतळ वापरतात आणि पहिला शब्द हमखास कापला जातो. मग विमानाचा प्रकार, जागा, उंची, आणि काय करणार ते. रंग सांगितलात तर आणखी चांगलं. शेपटीवरचा क्रमांक हवेत कोणाला वाचता येतो? इन्स्ट्रुमेंट अप्रोचचा, म्हणजे यंत्रांच्या आधाराने उतरण्याचा, सराव करणाऱ्यांना खास विनंती: तुमच्या अप्रोचमधल्या बिंदूंची पाच अक्षरी नावं नवख्या विद्यार्थ्याला कळत नाहीत. ‘पूर्वेला पाच मैल, २,००० फूट, थेट फायनल, तीन मिनिटं’ असं म्हणा. ‘या भागात कोणी असेल तर सांगा’ असा मोघम कॉल देऊ नका. एफएएच्या मार्गदर्शनातही तो वापरू नका असंच म्हटलंय. त्याने सगळे एकदम बोलतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही.

रेडिओवर विसंबून राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण हवेतल्या टकरीचं नाही, जमिनीवरचं आहे, पण मला ते टाळता येत नाही. १९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉय राज्यातलं क्विन्सी, टॉवर नसलेलं, एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या. प्रवासी घेऊन उतरत असलेल्या बीचक्राफ्ट १९०० च्या वैमानिकांनी रेडिओवर विचारलं, दुसऱ्या धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे ना? धावपट्टीवर होतं किंग एअर नावाचं विमान, पण उत्तर दिलं त्याच्या मागे थांबलेल्या चेरोकी या छोट्या विमानाच्या वैमानिकाने. त्यातच त्याचे काही शब्द उतरणाऱ्या विमानातल्या यंत्राच्या आवाजात बुडाले. किंग एअरच थांबतंय असं समजून १९०० उतरलं, किंग एअर निघालं, आणि दोन्ही विमानांतल्या सगळ्या १४ जणांचा मृत्यू झाला. शब्द ऐकू आले, उत्तर मिळालं, पण ते भलत्याचं होतं. तेव्हा रेडिओवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य खिडकीबाहेर एका विमानाशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर ते विमान अजून सापडायचं आहे असंच धरून चाला. शिवाय रेडिओच नसलेली विमानंही अशा विमानतळांवर कायदेशीरपणे उडतात, आणि चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर बोलणारे तर रोजच भेटतात.

टॅब्लेटवरच्या विमानांबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत एडीएस-बी, म्हणजे विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा, ठराविक हवाई क्षेत्रांतच सक्तीचं आहे. बहुतेक छोट्या, टॉवर नसलेल्या विमानतळांभोवती ते लागू नाही, आणि मुळात विजेची यंत्रणाच नसलेल्या जुन्या विमानांना सूट आहे. म्हणजे पडदा रिकामा असला तरी आकाश रिकामं असेलच असं नाही. दहा मैल बाहेर असताना पडद्यावरून गर्दीचा अंदाज घ्या, धोक्याचा आवाज हेडसेटमध्ये जोडून ठेवा, आणि पॅटर्नमध्ये शिरलात की त्याकडे बघणं बंद करा. पॅटर्नमध्ये तीन सेकंद पडद्यावर घालवले तर काय होतं त्याचा हिशेब वर झालाच आहे.

गो-अराउंडबद्दलही एक सांगायचं. पुढचं विमान धावपट्टीवरून निघतंय आणि तुम्ही वर जाताय, तर धावपट्टीच्या डोक्यावरून सरळ वर जाऊ नका. ते तुमच्या पोटाखालून चढत येईल. थोडं बाजूला सरका, शक्यतो अशा बाजूला की ते तुमच्या खिडकीतून दिसत राहील, आणि मग त्याच्याबरोबरीने वर जा. उड्डाणाआधीही धावपट्टीवर शिरण्यापूर्वी विमान थोडं फिरवून दोन्ही टोकांच्या फायनल बघा. वारा नसेल तेव्हा तर नक्कीच, कारण तेव्हा एकजण या टोकाने आणि दुसरा त्या टोकाने उतरायला येणं अगदी नेहमीचं आहे.

एकट्याने जाण्याआधी एक सराव करा. स्वच्छ हवेच्या शनिवारी दुपारी, म्हणजे गर्दी सर्वाधिक असते तेव्हा, एखाद्या टॉवर नसलेल्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर हातातला रेडिओ घेऊन तासभर बसा. प्रत्येक कॉल ऐकल्यावर कागदावर ते विमान कुठे असेल ते काढा आणि मग आकाशात शोधा. काही विमानं बोलली तिथे सापडतील, काही मैलभर इकडेतिकडे, आणि एखादं असंही सापडेल की ज्याचा कॉल तुम्ही ऐकलाच नव्हता. मग एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, गर्दी कमी असताना, इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून पाच-सहा फेऱ्या मारा, आणि त्यांना फक्त एकच काम द्या: बेसवर तुम्ही उजवीकडे बघितलं की नाही, ते मोजायचं.